उकिरड्यावरचं रान आणि त्याचे राखणदार

सत्तरच्या दशकात मुंबईच्या कचऱ्याच्या गाड्या मिठी नदीच्या दक्षिण काठावर रिकाम्या होत. पलीकडे वांद्र्याची दलदल, अलीकडे धारावी, आणि मधे शहराने नकोसं म्हणून टाकलेल्या सगळ्याचा ढीग. १९७७च्या सुमारास तिथलं डम्पिंग थांबलं. मागे उरली सदतीस एकरांची धुमसती, भुसभुशीत, कुबट जमीन. मुंबईत एवढी मोठी जागा रिकामी राहत नाही. तिथे गोदामं आली असती, इमारती आल्या असत्या किंवा हळूहळू डेब्रिज पडत राहिलं असतं. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातल्या शाखेने मात्र वेगळाच प्रस्ताव मांडला. इथे जंगल करू या, आणि ते शहरातल्या मुलांना निसर्ग शिकवण्यासाठी असू दे.

त्या काळी ही सूचना अनेकांना स्वप्नाळू वाटली असेल. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती मान्य केली, ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण रस्ते, पूल आणि वांद्रे-कुर्ला संकुल उभारणाऱ्या यंत्रणेनेच हे रानही उभारलं आहे. १९८३ साली पहिलं झाड लावलं ते डॉ. सालिम अली यांनी. तेव्हा त्यांनी वयाची पंचाऐंशी ओलांडली होती. १९८७ मध्ये ते गेले. माहीमचं हे निसर्ग उद्यान लोकांसाठी खुलं झालं २२ एप्रिल १९९४ या दिवशी, म्हणजे वसुंधरा दिनी. ज्यांनी पहिलं रोप लावलं त्यांना ते उघडलेलं पाहता आलं नाही. डम्पिंग बंद होण्यापासून फाटक उघडेपर्यंत सतरा वर्षं गेली. हा सतराचा आकडा मनात ठेवून पुढचं वाचावं अशी विनंती आहे. आपल्याकडे उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि रोपं नंतर येतात.

सतरा वर्षं का लागली, हे समजून घ्यायचं तर कचऱ्याची जमीन म्हणजे काय ते पाहायला हवं. वरून ती मातीसारखी दिसते. आत भाजीपाला, कापड, चामडं, कागद, काच, प्लास्टिक आणि राख यांचे थर असतात. ओला कचरा हवेशिवाय कुजत राहतो आणि त्यातून मिथेन निघतो. हा वायू मुळांभोवतीची हवा हुसकून लावतो, म्हणजे रोपाला पाणी मिळालं तरी मुळं गुदमरतात. कुजण्यामुळे जमीन आतून तापते. कुजून आक्रसत गेल्यावर ती ठिकठिकाणी खचते, त्यामुळे आज सरळ उभं असलेलं झाड दोन पावसाळ्यांनी कलतं. तळातून झिरपणारं काळं पाणी खाडीत जातं. अशा जमिनीवर मातीचा जाड थर घालावा लागतो. आधी कणखर, भराभर वाढणारी, हवेतला नत्र जमिनीत आणणारी झाडं लावावी लागतात. त्यांची पानं गळतात, कुजतात, त्यांतून मातीत थोडा जीव येतो, गांडुळं येतात, बुरशी येते. त्यांच्या सावलीत मग आपल्या मातीतली मंद वाढणारी झाडं तग धरतात. पहिल्या पिढीची बरीच झाडं मरतात आणि तीही उपयोगी पडतात. हे काम घाईने होत नाही. त्यासाठी पैसा लागतो, पण त्याहून जास्त लागतो तो एक माळी, जो दहा वर्षं त्याच जागी कामावर येतो.

धारावी बस आगाराच्या समोर, सायन-वांद्रे लिंक रोडला लागून या उद्यानाचं फाटक आहे. आत कारंजी नाहीत, सिमेंटचे हत्ती-जिराफ नाहीत, हिरवळीचे गालिचे नाहीत. पायवाटा आहेत आणि त्यांवर पडलेला पाचोळा आहे. तो कुणी झाडून पेटवत नाही, हेच या जागेचं पहिलं शिक्षण. पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे. औषधी वनस्पती आहेत, रोपवाटिका आहे, नदीच्या बाजूला कांदळवन आहे. पावसाळा सरता सरता रुईचं एखादं पान उलटून पाहावं. पिवळे, काळे, पांढरे पट्टे अंगावर असलेली अळी तिथे पान कुरतडताना सापडते. रुईचा चीक इतरांना विषारी, हिला मात्र तोच आहार. तो अंगात मुरल्यामुळे पुढे होणारं तांबूस-केशरी फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागतं. म्हणून ते सावकाश, कुणाची भीती नसल्यासारखं उडतं. धारावीतल्या पालिका शाळेतलं मूल हे पान हातात धरून पाहतं तेव्हा त्याला जे कळतं ते पाठ्यपुस्तकातल्या आकृतीने कळत नाही. ज्या जमिनीवर हे घडतं तिच्या खाली अजूनही या शहराचा पन्नास वर्षांपूर्वीचा कचरा आहे.

मुंबईला कचऱ्यातून बाग करण्याची सवय तशी जुनी आहे. फोर्टमधलं आजचं हॉर्निमन सर्कल एके काळी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचं मोकळं मैदान होतं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याची अवस्था नारळाच्या करवंट्या आणि राडारोडा टाकायच्या जागेसारखी झाली होती. पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांनी तिथे वर्तुळाकार इमारती आणि मधे बाग असावी असा आग्रह धरला, आणि १८७२ पर्यंत एल्फिन्स्टन सर्कल उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचं नाव त्याला मिळालं. त्या बागेत दुपारी डबा खाणारे, डुलकी काढणारे, पुस्तक वाचणारे लोक आजही दिसतात. दीडशे वर्षं ती टिकली आहे.

पण टिकणं आपोआप होत नाही. माहीमच्या निसर्ग उद्यानाला संरक्षित वनाचा दर्जा आहे. तरीही धारावी पुनर्विकासाच्या कागदपत्रांत या जागेचा उल्लेख नेमका कशासाठी आहे, ती प्रकल्पाच्या आत आहे की बाहेर, हा संशय उभा राहिलाच. पर्यावरण कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले. २०२३ साली न्यायालयात उद्यान प्रकल्पात नसल्याचं सांगण्यात आलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. निविदेची पानं कुणीतरी नीट वाचली म्हणून हे झालं. चाळीस वर्षांपूर्वी लावलेलं झाडसुद्धा दरवर्षी नव्याने राखावं लागतं, हे या शहरात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आणि याच धारावीची दुसरी बाजू पाहा. पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांच्या घरांसाठी ज्या जमिनी शासनाने ठरवल्या, त्यांत देवनारच्या डम्पिंगची १२४ एकर जागा आहे. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. एका डम्पिंगला जंगल व्हायला सतरा वर्षं दिली गेली, तिथे माणसं फक्त फिरायला येणार होती. दुसऱ्या डम्पिंगवर माणसांना राहायला पाठवायचं आहे, आणि तिथे घाई आहे. ढीग उपसला, वायू काढला, माती घातली, की जागा तयार, असं कागदावर दिसतं. वर सांगितलेलं मिथेन, खचणं आणि काळं पाणी कागदावर दिसत नाही. हिरवी जागा कुणाला आणि उकिरडा कुणाला, हे ठरवणं म्हणजेच शहररचना. माझं मत स्पष्ट आहे. देवनारची जमीन आधी पूर्ण बरी करावी, तिच्यावर पहिलं रान वाढू द्यावं, आणि घरांसाठी दुसरी जागा शोधावी.

आता धारावीपासून थोडं दक्षिणेला, माटुंग्याला येऊ. डॉ. आंबेडकर रोडवरचा उड्डाणपूल झाल्यावर त्याच्या पोटाखाली जे व्हायचं तेच झालं. गाड्या, कचरा, रात्री जुगार आणि नशा. पुलाखालचं पार्किंग बंद झाल्यावर ती पट्टी मोकळी झाली, पण मोकळी जागा मोकळी राहत नाही, हे रहिवाशांनी ओळखलं. जागेवर पुन्हा कब्जा होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशांनी वॉचमन ठेवले आणि महापालिकेच्या मागे लागले. त्यात काही वर्षं गेली. २०१६ साली तिथे नानालाल डी. मेहता उद्यान सुरू झालं. जवळपास सहाशे मीटर लांबीचा हा चालायचा मार्ग आहे आणि त्याचा आकार नर्मदेच्या प्रवाहासारखा वळणावळणाचा केला आहे. दोन्ही बाजूंनी बस आणि ट्रक धावत असतात, डोक्यावर पूल गडगडत असतो, आणि मधून आजी-आजोबा ‘परिक्रमा’ करत असतात. हवा शुद्ध नाही, शांतता तर नाहीच. तरीही लोक येतात. कारण घरापासून पाच मिनिटांवर, रस्ता एकदाच ओलांडून, उन्हापावसात कोरडं राहून चालता येईल अशी दुसरी जागा त्यांना नाही. पुलाच्या छपरामुळे ही बाग ऐन जुलैतही चालते. मुंबईत याचं मोल वेगळं सांगायला नको.

मुंबईत माणशी मोकळी जागा किती, याचा जो आकडा विकास आराखड्याच्या चर्चेत वारंवार आला तो आहे १.२४ चौरस मीटर. सतरंजीची एक घडी उघडली की संपणारी जागा. अशा शहरात पुलाखालची पट्टी, नाल्याचा काठ, रेल्वेलगतचा तुकडा, बंद पडलेलं डम्पिंग, यांतूनच नवी जागा मिळू शकते. वास्तुविशारद पी. के. दास हेच गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत. वांद्र्याच्या कार्टर रोडचा समुद्रकाठ रहिवाशांना बरोबर घेऊन त्यांनी चालता-बसता येण्याजोगा केला. जुहूच्या इर्ला नाल्याच्या काठाने चालायचा रस्ता आणि बागा करण्याचं कामही त्यांचंच. २०१६ मध्ये त्यांना जेन जेकब्स पदक मिळालं. दास यांची मांडणी साधी आहे. नाल्याकडे शहराने पाठ फिरवली म्हणून तो गटार झाला. त्याच्याकडे तोंड करून बसायला जागा दिली तर माणसं स्वतःच त्यावर लक्ष ठेवतील. मिठीच्या बाबतीत आपण नेमकं उलटं केलं. तिचे काठ भरून टाकले आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाणी तिच्या जुन्या वाटा शोधत आपल्या घरांत शिरलं. त्या नदीकाठी पाणी मुरवणारी जेवढी जमीन आणि कांदळवन उरलं आहे त्यात निसर्ग उद्यानाचा काठ आहे.

माटुंग्याच्या रहिवाशांचं कौतुक करताना एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. शहरातल्या पुलांखाली झोपणारी, स्वयंपाक करणारी, सिग्नलला गजरे विकणारी कुटुंबंही असतात. पुलाखाली बाग झाली की तिला जाळी लागते, फाटक लागतं, वेळ लागते. वॉचमनचं पहिलं काम त्या माणसांना आत येऊ न देणं हेच होऊन बसतं. जागा स्वच्छ झाली, पण प्रश्न पुढच्या पुलाखाली सरकला. रात्रनिवारे आणि बागा यांची योजना एकाच टेबलावर व्हायला हवी. आपल्याकडे ती दोन वेगळ्या खात्यांत असते आणि बागेचं खातं नेहमी आधी पोचतं.

राखणदार मालक कसा होतो, हे मुंबईने फार जवळून पाहिलं आहे. महापालिकेकडे माणसं नाहीत, पैसा नाही, म्हणून मोकळी मैदानं आणि बागा संस्थांना ‘दत्तक’ द्यायच्या असं धोरण आलं. काही संस्थांनी मन लावून काम केलं. ओव्हल मैदान आज खेळतं आहे ते नागरिकांच्या संस्थेने लढून राखलं म्हणून. पण काही ठिकाणी मैदानावर क्लब उभे राहिले, सभासदत्वाच्या फी आल्या, लग्नाचे हॉल आले, आणि ज्या पोरांसाठी जागा राखायची ती पोरं जाळीच्या बाहेर उभी राहिली. जानेवारी २०१६ मध्ये दत्तक धोरण पुन्हा मंजूर झालं तेव्हा इतका विरोध झाला की तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याची प्रक्रिया सुरू करावी लागली. या सगळ्यातून एकच गोष्ट सिद्ध झाली. सांभाळणारा हवा, पण त्याच्या हातात कुलूप देताना किल्ली लोकांकडे राहिली पाहिजे.

बाग कुणाची हे ठरतं ते फाटकाच्या वेळेवरून. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते आठ, अशी पाटी असलेली बाग दुपारी दोन ते चार या वेळात थोडा श्वास घेणाऱ्या घरकामगार बाईसाठी नाही. डिलिव्हरीच्या दोन फेऱ्यांमध्ये टेकू पाहणाऱ्या मुलासाठी नाही. बाकड्यांना मधे लोखंडी हात बसवले की तिथे कुणी आडवं होऊ शकत नाही. असा हात बसवणाऱ्याने भरदुपारी उन्हातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा विचार केलेला नसतो. पायऱ्या असल्या की चाकाची खुर्ची बाहेर. फाटकाला मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लावलेली वाकडी नळी असली की खुर्चीही बाहेर आणि बाबागाडीही बाहेर.

आणि बायका? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉइटर’ या २०११च्या पुस्तकाने मुंबईच्या संदर्भात एक साधी गोष्ट मांडली. बाईला सार्वजनिक जागेत असण्यासाठी कारण द्यावं लागतं. भाजी आणायची आहे, मुलाला शाळेतून आणायचं आहे, देवळात जायचं आहे. नुसतं बसायला आले आहे, हे कारण चालत नाही. कुठलीही नवी बाग पाहिली की मी हा निकष लावतो. संध्याकाळी तिथे एकटी बाई काहीही न करता बसलेली दिसते का? दिसत असेल तर समजावं की दिवे नीट आहेत, झुडपांनी नजर अडत नाही, आणि जवळ स्वच्छतागृह आहे. शेवटच्या गोष्टीसाठी याच शहरात २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवावी लागली. बागेचं अंदाजपत्रक करताना लॉनला पैसे निघतात आणि स्वच्छतागृह दुसऱ्या टप्प्यात जातं. तो दुसरा टप्पा बहुधा येतच नाही.

अलीकडे सगळीकडे मियावाकी लागवडीची लाट आहे. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची पद्धत चांगली आहे. जागेच्या मूळ वनस्पती, दाट लागवड, पहिली दोन-तीन वर्षं निगा, आणि मग जंगल स्वतःच्या पायावर. मुंबई महापालिकेने २६ जानेवारी २०२० ला भक्ती पार्कपासून सुरुवात केली आणि नंतर शहरभर असे तुकडे झाले. ते उन्हाळ्यात हवा गार ठेवतील, पक्षी येतील. माझी हरकत पद्धतीला नाही, तिच्या वापराला आहे. एका चौरस मीटरला तीन-चार झाडं लावलेल्या दाटीत माणूस शिरू शकत नाही. मुलांनी जिथे क्रिकेट खेळायचं त्या मैदानाच्या कोपऱ्यात जाळी लावून असं जंगल केलं की अहवालात झाडांची संख्या वाढते आणि वस्तीतल्या पोरांचं खेळणं आक्रसतं. शहराला दोन्ही हवं आहे. कुठे काय, हे त्या वस्तीला विचारून ठरवायला हवं, आणि विचारायचं म्हणजे इंग्रजी सादरीकरण दाखवून टाळ्या घेणं नव्हे.

वस्तीला बरोबर घेऊन काय होऊ शकतं, याचं मुंबईबाहेरचं चांगलं उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीचं आहे. ज्या नदीच्या काठी पाणचक्की उभी आहे, ज्या शहराने मलिक अंबरच्या काळापासून पाण्याची व्यवस्था उभारली, त्याच शहराने खामला कचरा आणि सांडपाण्याचा नाला करून टाकलं होतं. महापालिका, छावणी परिषद, ‘इकोसत्त्व’ ही संस्था आणि ‘व्हॅरॉक’ ही कंपनी यांनी मिळून काम हाती घेतलं. हे काम सुशोभीकरणापासून सुरू झालं नाही, कचरा गोळा करण्यापासून झालं. काठावरच्या घरांचा कचरा रोज उचलला गेला नाही तर तो नदीतच जाणार, मग काठावर कितीही झाडं लावा. सफाई कामगार या कामाच्या मध्यभागी होते. डब्ल्यूआरआय रॉस सेंटरच्या शहरांसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत हा प्रकल्प पोचला. नदी पूर्ण बरी झाली असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण काम कुठून सुरू करावं, हे तिथून शिकता येतं. नवी मुंबईत कोपरखैरणेला बंद केलेल्या डम्पिंगवर निसर्ग उद्यान झालं आहे, तेही जवळून पाहण्यासारखं आहे.

हे सगळं वाचून आपल्या गल्लीतली ओसाड जागा डोळ्यांसमोर आली असेल तर पहिलं काम रोप आणण्याचं नाही. ती जागा विकास आराखड्यात कशासाठी आरक्षित आहे ते शोधा. नकाशा महापालिकेच्या संकेतस्थळावर असतो, वॉर्ड ऑफिसातही पाहायला मिळतो. बाग, खेळाचं मैदान किंवा शाळा असं आरक्षण असेल तर ते बदलण्याची सूचना कधी निघते यावर डोळा ठेवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली असा बदल करायचा तर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्यापर्यंतची मुदत असते. त्या महिन्यात लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला जा, आणि जाताना त्या जागेच्या कडेला राहणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या आणि तिथे खेळणाऱ्या माणसांनाही बरोबर न्या.